वर्गात कॅमेरा, दप्तरात मोबाईल आणि पोरांचा विश्वास: शनिवारच्या मीटिंगआधी एवढं वाचा

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात असं की विट्याजवळच्या शाळेत तुमची मुलगी नववीला आहे, तुम्ही पालक-शिक्षक संघात आहात, आणि संस्थेनं प्रस्ताव आणलाय की प्रत्येक वर्गात आवाजासकट कॅमेरा लावायचा, त्याचं लाईव्ह पालकांना मोबाईलवर द्यायचं, अधनंमधनं अचानक दप्तरं तपासायची आणि कुणाकडं मोबाईल सापडला तर त्यातली गॅलरी आणि व्हॉट्सॲप शिक्षकांनी उघडून बघायचं. निम्मे पालक म्हणतायत पोरींच्या सुरक्षेपुढं दुसरं काही नाही, निम्मे म्हणतायत ही शाळा आहे का जेल, आणि तुमची मुलगी म्हणाली "पप्पा, आम्ही काय चोर आहोत का". शनिवारी मीटिंग आहे, तर भूमिका काय घ्यावी.

मी आधी सातारा जिल्ह्यात कोरेगाव भागात विज्ञान शिकवलं आणि आता बरीच वर्षं तासगावकडं एका माध्यमिक शाळेत मुख्याध्यापिका आहे, सखी सावित्री समितीचं, म्हणजे शाळेतल्या मुलामुलींच्या सुरक्षेसाठीच्या समितीचं, काम पण माझ्याकडंच असतं, त्यामुळं यातलं जवळजवळ सगळं हाताखालून गेलंय. माझं मत आधीच सांगते. गेट, पॅसेज, जिना, पाण्याच्या टाकीची बाजू, मैदान, रिक्षा-व्हॅन थांबतात ती जागा, इथं कॅमेरे हवेत आणि ते चालू हवेत. वर्गात लावायचाच असेल तर रेकॉर्डिंगपुरता लावा, लाईव्ह कुणालाच देऊ नका. मोबाईल सकाळी जमा आणि सुटताना परत, याला माझा पूर्ण पाठिंबा. पण पोराचा मोबाईल उघडून बघायला मी कुठल्याच शिक्षकाला परवानगी देत नाही, आणि तुम्ही पण देऊ नका असं सांगीन.

कारण एकच आहे आणि बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. माझ्याकडं जेवढी म्हणून गंभीर प्रकरणं आली, नको तिथं हात लावणं असो, फोटोवरून धमकी असो, व्हॅनमधला प्रकार असो, मोठ्या पोरांनी लहान पोराला मारणं असो, ती सगळी कुठल्यातरी पोरानं कुणालातरी सांगितलं म्हणून बाहेर आली. कॅमेऱ्यानं नंतर पुरावा दिला, काही वेळा फार चांगला दिला, पण सुरुवात तोंड उघडल्यावरच झाली. म्हणून शाळेत कुठलीही नवीन वस्तू आणायची म्हणली की मी हेच बघते की यामुळं पोरगं बोलायला धजणार आहे का अजून गप्प बसणार आहे.

बदलापूरचं सगळ्यांनाच आठवत असेल, ऑगस्ट 2024. शिशुवर्गातल्या दोन लहानग्या मुलींवर लैंगिक अत्याचार, आणि आरोपी शाळेतलाच सफाईचं काम करणारा माणूस. प्रकार घडला स्वच्छतागृहात, जिथं कॅमेरा लावताच येत नाही आणि लावू पण नये. तो बाहेर आला लहान मुलीनं घरी सांगितलं म्हणून, घरच्यांनी ऐकून घेतलं म्हणून, आणि त्यानंतर पोलिसात गुन्हा नोंदवून घ्यायला झालेला उशीर हे लोकांच्या संतापाचं मोठं कारण होतं. शाळेतल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग मिळत नाही हा मुद्दा तेव्हा खूप गाजला होता. त्यानंतर 21 ऑगस्ट 2024 ला सरकारनं शासन निर्णय काढला, एक महिन्यात सगळ्या शाळांत सीसीटीव्ही, मुख्याध्यापकानं आठवड्यातून किमान तीन वेळा फुटेज तपासायचं, बाहेरनं नेमलेल्या कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, तक्रार पेटी, सखी सावित्री समिती, आणि असा प्रकार कळला की 24 तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवायचं. या सगळ्यातलं बहुतेक संस्थांनी उचललं काय तर फक्त कॅमेरा, कारण तो विकत मिळतो, फीत कापता येते आणि बोर्डावर लिहिता येतं. चारित्र्य पडताळणीचे कागद मागा शनिवारी, व्हॅनचालकापासून ते खिचडी करणाऱ्या ताईंपर्यंत सगळ्यांचे, आणि ते फाईलला आहेत का बघा. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या, गुन्ह्यात आरोपी ओळखीचा असण्याचं प्रमाण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात वर्षानुवर्षं 90 टक्क्यांच्या वर आहे. ओळखीचा माणूस कॅमेऱ्यासमोर नेहमीसारखाच वागतो, त्याला कॅमेरा कुठं आहे हे माहीत असतं.

आता कॅमेऱ्याचं थोडं तांत्रिक, कारण मीटिंगमध्ये कोटेशन पुढं आलं की सगळे फक्त किंमत बघतात. फुल एचडी कॅमेरा साधारण 2 एमबीपीएसनं रेकॉर्ड करत असेल तर एका दिवसाला 21-22 जीबी जागा खातो. 16 कॅमेरे असले तर रोजचे साडेतीनशे जीबीच्या आसपास. दुकानदार कोटेशनमध्ये 2 टीबीची हार्डडिस्क घालतो, ती सहाव्या दिवशी भरते आणि जुन्यावर नवीन चढत जातं. पोरगी बऱ्याचदा त्याच दिवशी बोलत नाही, आठ दिवस, पंधरा दिवस, महिना जातो, तोपर्यंत फुटेज गेलेलं असतं. सीबीएसईनं जुलै 2025 मध्ये त्यांच्या शाळांना किमान 15 दिवसांचं फुटेज ठेवायला सांगितलंय, ते जरी धरलं तरी वरच्या हिशोबानं 5 टीबीच्या वर लागतात, आणि मी तर 30 दिवस धरते. जागा वाचवायची असेल तर नवीन कोडेकवाले, म्हणजे तेच चित्र कमी जागेत साठवणारे, कॅमेरे घ्या, रात्री हालचाल झाली तरच रेकॉर्ड होईल असं सेटिंग करा, पण दिवस कमी करू नका. डीव्हीआरला, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या मशीनला, यूपीएस पाहिजे, आपल्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि लाईट जाऊन आली की काही मशीनचं घड्याळ मागं जातं, मग पोलिसांना दिलेल्या फुटेजवर तारीखच चुकीची येते आणि वकील तेवढं एकच धरून बसतो. दर सोमवारी परिपाठानंतर एकानं तारीख-वेळ जुळते का, सगळे कॅमेरे दिसतात का, लेन्सवर कोळ्याचं जाळं आहे का एवढं बघून रजिस्टरला सही करायची, दहा मिनिटांचं काम आहे.

पासवर्डचा विषय तर वेगळाच घ्यायला हवा. कॅमेरा बसवणारा पोरगा जो पासवर्ड टाकून जातो तोच वर्षानुवर्षं राहतो, आणि त्याच्या मोबाईलमध्ये तुमच्या शाळेचं ॲप तसंच चालू असतं, तो पुढच्या गावात काम करताना पण तुमची शाळा बघू शकतो. फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं बायकांच्या तपासणीचं फुटेज यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकलं जात होतं हे उघडकीला आलं, सोपा पासवर्ड फोडून घेतलेलं, आणि अटक झालेल्यांत आपल्या महाराष्ट्रातले पण होते. रुग्णालयानं ते कॅमेरे सुरक्षेसाठीच बसवलेले होते. तेव्हा शनिवारी हा प्रश्न नक्की विचारा की पासवर्ड कुणाकडं आहे, किती मोबाईलवर ॲप आहे, फुटेज बघितलं की नोंद कुठं होते. आमच्याकडं फुटेज बघायचं असेल तर दोन जणांनी मिळून बघायचं, त्यातली एक बाई हवी, आणि कशासाठी बघितलं ते वहीत लिहायचं. संस्थेच्या चेअरमनना घरी बसून बघायची सोय आम्ही दिलेली नाही, त्यांनी सुरुवातीला नाराजी दाखवली, नंतर समजून घेतलं.

लाईव्हचं मात्र मला मनापासून भय वाटतं. दिल्ली सरकारनं 2019 मध्ये सरकारी शाळांच्या वर्गात कॅमेरे लावून पालकांना मोबाईलवर दाखवायची योजना आणली होती, त्यावर तेव्हापासून कोर्टकचेऱ्या झाल्या. पालकांना वाटतं मी माझंच पोरगं बघणार, पण तुम्ही बघता तेव्हा बाकीची चाळीस पण तुम्हाला दिसतात, आणि तुमची मुलगी बाकीच्या चाळीस घरांत दिसते, त्या घरातल्या काकाला, मोठ्या भावाला, पानपट्टीवर मोबाईल हातात घेऊन बसलेल्या त्याच्या मित्राला. स्क्रीनशॉट काढायला एक सेकंद लागतो. एखाद्या घरात आईवडिलांचं कोर्टात चालू असतं आणि मुलीला भेटायला मनाई असलेल्या माणसाला ती रोज कुठल्या बाकावर बसते ते दिसतं. कपड्याला डाग पडलेली मुलगी उठून बाहेर जाते ते दिसतं. अडखळत वाचणारा पोरगा आता नुसता वर्गापुढं नाही, सगळ्या गावापुढं अडखळतो, मग तो हातच वर करत नाही.

शिकवण्याचं पण बघा. दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये सजीवांतील जीवनप्रक्रियांच्या दुसऱ्या भागात प्रजनन येतं. हा धडा नीट शिकवायचा तर पोरांना प्रश्न विचारू द्यावे लागतात, पाळीचे, शरीराचे, योग्य-अयोग्य स्पर्शाचे, आणि पोरं ते विचारतात, जर तिथं फक्त त्यांच्या बाई असतील तर. वरनं घरचे बघतायत आणि ऐकतायत म्हणल्यावर शिक्षक तो धडा घरी वाचून या म्हणून सोडून देणार, आणि मग ज्या गोष्टीनं पोरगी स्वतःला वाचवू शकते तीच तिला मिळणार नाही. आवाजाचं रेकॉर्डिंग असेल तर मधल्या सुट्टीत मैत्रिणीच्या कानात सांगितलेलं पण रेकॉर्ड होतं, आणि बहुतेक पोरी पहिल्यांदा मैत्रिणीलाच सांगतात.

आमच्याच तक्रार पेटीचं सांगते. शासनाचा आदेश म्हणून ती ऑफिसच्या दाराशेजारी लावलेली होती, आणि तिच्या बरोब्बर वर पॅसेजचा कॅमेरा. पेटी कायम रिकामी. तपासणीला आलेले साहेब म्हणायचे छान, एकही तक्रार नाही. आठवीतल्या एका मुलीनं बोलता बोलता सांगितलं की बाई, तिथं चिठ्ठी टाकताना टीव्हीवर दिसतं की. पेटी तिथनं काढली, ग्रंथालयाच्या आतल्या कोपऱ्यात नेली जिथं कॅमेरा नाही, आणि मुलींच्या स्वच्छतागृहाच्या बाहेर दुसरी लावली. त्यानंतर चिठ्ठ्या यायला लागल्या. पहिल्या पहिल्या पंख्याच्या, पाण्याच्या, एका सरांच्या ओरडण्याच्या. आम्ही नाव न घेता फळ्यावर लिहायला लागलो की पंख्याची तक्रार आली, बुधवारी दुरुस्त होतोय. हे पोरांनी दोन-तीन महिने बघितलं, मग खऱ्या चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या एका चिठ्ठीवरनं एका व्हॅनवाल्यावर गुन्हा दाखल झाला. पंख्याच्या चिठ्ठीला उत्तर मिळालं नसतं तर ती चिठ्ठी पण आली नसती असं मला ठाम वाटतं.

आता मोबाईल. शाळेत मोबाईल वापरू द्यावा का यावर जगभर वाद चालू आहे, फ्रान्सनं 2018 लाच शाळेत बंदी आणली, युनेस्कोनं 2023 च्या अहवालात सांगितलं की शिकण्याला खरंच उपयोग असेल तेव्हाच वर्गात स्मार्टफोन असावा, ऑस्ट्रेलियानं तर डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्यांना सोशल मीडियाची खातीच बंद केली. आपल्याकडं दिल्ली उच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2025 मध्ये एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात फार व्यवहारी निकाल दिलाय, की सरसकट बंदी योग्य पण नाही आणि जमणारी पण नाही, शक्य असेल तिथं फोन शाळा सुरू होताना जमा करून घ्या, वर्गात वापर नको, शाळेच्या आवारात कॅमेरा-रेकॉर्डिंग नको, नियम पालक-शिक्षकांशी बोलून करा, नियम मोडला तर फोन काही काळ काढून घेणं ही शिक्षा चालेल, आणि पोरांना ऑनलाईन कसं वागायचं ते शिकवा. आमच्या जिल्ह्यात बंदी का जमत नाही तर एसटी. मुली पाचवीपासून बारावीपर्यंत मोफत पासवर येतात, संध्याकाळची गाडी चुकली किंवा आलीच नाही तर आटपाडी-खानापूरकडच्या वाडीवस्तीवर जाणाऱ्या पोरीला घरी कळवायला फोन हाच आधार असतो. 2021-22 च्या संपात पोरींचे जे हाल झाले ते आम्ही डोळ्यांनी बघितलेत, कितीतरी पोरींचं शाळेत येणंच थांबलं होतं.

म्हणून आमच्याकडं प्रत्येक वर्गाला नंबर टाकलेल्या कप्प्यांची कापडी पिशवी आहे, शिवणकामाच्या बाईंनीच शिवून दिलेली. पहिल्या तासाला वर्ग प्रतिनिधी फोन गोळा करतो, बंद करून, पिशवी कपाटात, चावी वर्गशिक्षकाकडं, शेवटच्या तासाला परत. कुणाचा फोन आहे नाही याची यादी असते. हरवला तर शाळा जबाबदार, हे आम्ही लिहून दिलंय, त्यामुळं पालकांनी कुरकुर केली नाही. आणि मधेच घरी फोन करायचा असेल तर ऑफिसचा फोन, विचारपूस न करता.

उघडून बघायचं मात्र नाही. पहिलं कारण कायद्याचं. 2017 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, तो अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर चालू होतो असं कुठंही म्हणलेलं नाही. केरळ उच्च न्यायालयानं 2019 मध्ये मुलींच्या कॉलेज हॉस्टेलमधल्या मोबाईलबंदीवर निकाल देताना इंटरनेट वापरता येणं हे शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काशी जोडलं. दुसरं कारण जास्त धोक्याचं आहे आणि ते शिक्षकांनी नीट वाचावं. गॅलरी उघडली आणि त्यात एखाद्या अल्पवयीन मुलीचा नको तसा फोटो सापडला तर पुढं काय होतं? सर तो आपल्या मोबाईलमध्ये घेतात पुरावा म्हणून, हेडसरांना व्हॉट्सॲप करतात, हेडसर चेअरमनना पाठवतात. या साखळीतला प्रत्येक जण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 67 ब कलमात अडकू शकतो, पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सप्टेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं असलं साहित्य नुसतं बाळगणं, बघणं यावर पण किती कडक राहायचं ते स्पष्ट केलंय. आणि तो फोटो आता अजून चार मोबाईलमध्ये गेला, त्या पोरीचं काय.

असं काही कानावर आलं तर करायचं काय, तर फोटो बघायचा नाही, मागायचा नाही, कॉपी करायचा नाही, पुढं पाठवायचा नाही. मुलगी काय सांगते ते तिच्या शब्दांत लिहून घ्यायचं, तिला चार जणांपुढं परत परत सांगायला लावायचं नाही, आणि पोलिसांना कळवायचं. पॉक्सो कायदा 2012 चा आहे, त्याच्या 19 व्या कलमाप्रमाणं गुन्हा झालाय किंवा होण्याची शक्यता आहे असं कळलं की कळवणं बंधनकारक आहे, संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. शाळेचं नाव खराब होईल म्हणून आपसात मिटवू असं कुणी म्हणलं तर त्यांना हे कलम दाखवा. 1098 ही चाइल्डलाईन आहे, पोरं स्वतः फोन करू शकतात, हा नंबर आमच्याकडं प्रत्येक वर्गात लिहिलेला आहे. आणि हे मुलग्यांना पण लागू आहे, पॉक्सो मुलगा-मुलगी भेद करत नाही, मुलगे तर मुलींपेक्षा जास्त गप्प बसतात.

एका मुलीचं सांगते, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक बदललंय. इन्स्टावर तिच्या नावानं कुणीतरी खोटं खातं काढलं, मग त्याच माणसानं ते बंद करायच्या बदल्यात तिच्याकडं फोटो मागितले. तिनं घाबरून एक पाठवला. त्यानंतर अजून मागणी. कित्येक आठवडे ती कुणाला बोलली नाही, वजन उतरलं, चाचणीचे मार्क उतरले. शेवटी बोलली ती आमच्या शिपाई मावशींपाशी, डबा धुताना. मी तिला नंतर विचारलं बाळा इतके दिवस का नाही सांगितलंस, ती म्हणाली बाई घरी कळलं तर फोन काढून घेतील, मग शाळा बंद करतील आणि स्थळ बघतील. ही भीती तिनं कुठनं आणली नव्हती, ती खरीच आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. म्हणजे त्या मुलीला सांगण्याची किंमत काय द्यावी लागेल हे पक्कं माहीत होतं, आणि धमकी देणाऱ्याला पण ते माहीत होतं, त्याच्या हातातलं खरं हत्यार तेच होतं. फोटो नंतर काढला गेला, गुन्हा नोंद झाला, पण त्याहून जास्त वेळ मला तिच्या वडिलांबरोबर बसावं लागलं, तीन-चारदा, की तुमच्या मुलीनं गुन्हा केलेला नाही, तिच्याविरुद्ध गुन्हा झालाय, फोन काढायचा नाही, शाळा बंद करायची नाही. ते ऐकले, शेतकरी माणूस, शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. ती मुलगी आता नर्सिंगला आहे.

या प्रकरणानंतर आम्ही एक नियम लिहून सगळ्या पालकांच्या सह्या घेतल्या. जे पोरगं स्वतः येऊन सांगेल त्याला शिक्षा नाही, त्याचा फोन जाणार नाही, त्याची शाळा थांबणार नाही, मग त्यात त्याची स्वतःची चूक असली तरी. काही पालक म्हणाले बाई हे फारच ढिलं सोडताय. मी म्हणलं तुम्ही ठरवा, पोरीनं चूक केल्यावर तुम्हाला ती सांगायला हवीय का त्या धमकी देणाऱ्या माणसाचं ऐकायला हवीय. दादा, तुम्ही शनिवारी बाकी काही पास करून नाही घेतलं तरी चालेल, हा एक ठराव करून घ्या. याला एक रुपया लागत नाही.

दप्तर तपासणीचं लहान आहे. संशयाला ठोस कारण असेल, कुणाचं काही चोरीला गेलंय, कुणाकडं ब्लेड-चाकू आहे असं कळलंय, तर त्या पोराला बाजूला घेऊन, दोन शिक्षकांसमोर, मुलीचं दप्तर बाईंनीच, असं करता येतं. सगळ्या वर्गाची दप्तरं बाकावर उपडी करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. सॅनिटरी पॅड बाकावर पडलं की त्या मुलीचं पुढचं वर्ष कसं जातं ते आम्हाला विचारा. शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळाला पण मनाई आहे.

तुमच्या संस्थेच्या ॲपबद्दल पण विचारा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराखालचं प्रत्येक पोर बालक धरलंय, त्याची माहिती घ्यायला पालकांची खात्रीशीर संमती लागते, आणि त्याच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई आहे, ही कलमं टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम आले त्यात शाळांना शिक्षणापुरती आणि सुरक्षेपुरती सवलत दिलीय, पण ती तेवढ्यापुरतीच, कंपनीनं तो डेटा दुसरीकडं वापरायला नाही. कंपनीकडनं लेखी घ्या की रेकॉर्डिंग कुठं राहतं, किती दिवसांनी पुसतात, करार संपला की काय करतात. कंपनीचा माणूस यावर ताकास तूर लागू देत नसेल तर कोटेशन परत करा.

राहिला स्वातंत्र्याचा मुद्दा, ज्यावर तुमची मुलगी बोलली, आणि ती बरोबर बोलली. पोरांना मोकळं सोडा असं मी म्हणत नाही, आमच्या पोरांना गेमचं, रीलचं व्यसन लागलेलं मी रोज बघते, रात्री दोनपर्यंत जागून पहिल्या तासाला झोपणारी पोरं आहेत. पण नियम करताना त्यांना बसवून घेतलं तर ती पाळतात, आणि बऱ्याचदा आपल्यापेक्षा कडक नियम करतात. मोबाईल पिशवीत न टाकणाऱ्याला काय करायचं हे आम्ही शालेय मंत्रिमंडळावर, म्हणजे पोरांच्याच प्रतिनिधींवर, सोडलं, त्यांनी ठरवलं की पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा आठवडाभर फोन आणायचा नाही, आणि शिक्षकांनी पण तासाला मोबाईल बघायचा नाही. शेवटचं कलम स्टाफरूममध्ये फारसं कुणाला आवडलं नव्हतं, तरी आम्ही मान्य केलं, आणि त्या दिवसापासून पोरांनी तो नियम आपला मानला. तुमच्या शेजारीच कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, 2022 पासून तिथं रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाईल बंद ठेवून पोरं अभ्यासाला बसतात. माझ्या मते ते टिकलं कारण मोठ्यांनी पण टीव्ही बंद केले. आणि आपला भागच असा आहे की कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा सगळ्या जातीधर्माची पोरं एकत्र ठेवली आणि कामं पोरांनीच करायची, स्वावलंबन हेच ब्रीद. शंभर वर्षांपूर्वी खेड्यातल्या पोरांवर एवढा भरवसा टाकता आला तर आज नववीतल्या मुलीला विचारायला आपण का घाबरतो.

मीटिंगला जाताना चार गोष्टी लिहून न्या आणि प्रोसिडिंगला जशाच्या तशा घ्यायला सांगा. कॅमेरे सार्वजनिक जागेत, 30 दिवसांचं रेकॉर्डिंग, बघणाऱ्याची नोंद, लाईव्ह नाही. मोबाईल जमा, उघडणं नाही. स्वतः सांगणाऱ्याला शिक्षा नाही. आणि लाईव्हचे जे पैसे वाचतील त्यात महिन्यातनं दोन दिवस तरी समुपदेशक, शक्यतो बाई, विट्यात नाही मिळाली तर सांगली-मिरजेतनं, जिचा शाळेच्या मार्कांशी आणि संस्थेशी काही संबंध नाही अशी. चेअरमन म्हणतील पालकांची मागणी आहे, तर त्यांना म्हणा लाईव्ह ज्यांना हवंय त्यांनी बाकीच्या सगळ्या पोरांच्या पालकांची लेखी संमती आणावी. आणि नववी-दहावीच्या दोन मुली दोन मुलगे मीटिंगला बसवून घ्या, वर्गानं निवडलेले, शिक्षकांनी निवडलेले नकोत. त्यांना अगदी सुरुवातीला बोलू द्या, चेअरमन आणि हेडसर बोलून झाल्यावर त्यांच्यासमोर कुठलंच पोरगं तोंड उघडत नाही.